पाहुण्याची उंची

४ फेब्रुवारी

कंपनीने सगळ्यांना डायरी वाटली. मिस्त्री म्हणाला, यात रोजची मापं लिहायची. मापं मी पेनाने हातावर लिहितो आणि संध्याकाळी धुऊन टाकतो, त्यामुळे डायरी कोरीच राहिली. आज रविवार. खोलीवर मी एकटा, आणि डोकं असं भणभणतंय की कुठेतरी ओकल्याशिवाय चैन पडणार नाही. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर सलग चार ओळी लिहिल्या असतील तर शपथ. चुका होतील. मिस्त्रीने वाचलं तर वाचू दे, त्याला माझं अक्षर लागत नाही.

झालं एवढंच. दुपारी मावशीला व्हिडिओ लावला. तिने उचलला, आणि मला दिसतोय पंखा. हल्ली नेहमी हेच. एक तर पंखा, नाहीतर तिचा अर्धा कान.

"मावशी, तोंड दाखव की."

"दाखवतेय की रे. दिसत नाही का?"

"पंखा दिसतोय. बरा आहे ना पंखा? जेवतो का वेळेवर?"

हसली. मग म्हणाली, "बारीक झालास तू." वर्षभरापूर्वी इकडे लिफ्ट बसवायच्या कामावर आल्यापासून माझं पोट सुटलंय, पट्ट्याला नवं भोक पाडलं. माणसाकडे नीट बघायचं पण नाही आणि बारीक झालास म्हणायचं.

बुटकी कुठे आहे विचारलं, तर म्हणे विसाव्याला गेलीय, शिंपीण काकूकडे. मागच्या रविवारी पण विसाव्यालाच होती. विसावा महिन्यातून एकदा असतो. मी काय काल जन्मलो?

पुढे कधी मीच हे वाचलं तर कळावं म्हणून लिहितो. मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आई गेली तेव्हा अनाथ पोरांची सोय लावणाऱ्या ऑफिसच्या मॅडमने मला आणि माझ्या बहिणीला, बुटकीला, तिच्या दारात आणून सोडलं. मी नऊ वर्षांचा, बुटकी दुधाची. मॅडम म्हणाल्या होत्या, एकाला ठेवा, दुसऱ्यासाठी बघू. मावशी म्हणाली, "ठेवीन तर दोघांना, एकाच दारात. एकेकटं नको." हे मी दाराआड उभा राहून ऐकलं. त्या दिवसापासून मी तिचा.

आणि मावशी एकटी नव्हती. गल्लीतली पाच घरं मॅडमनी आमच्यासाठी एकमेकांच्या मदतीला बांधून दिली होती. मावशीचं, शिंप्याचं, नर्सताईचं, टेम्पोवाल्या काकांचं आणि मास्तरीण आजींचं. ताप आला की नर्सताई, अभ्यास मास्तरीण आजींकडे, दवाखान्याला टेम्पो. आणि महिन्यातून दोन दिवस आम्ही दुसऱ्या घरी झोपायला जायचो, म्हणजे मावशीला पाठ टेकता यायची. तोच विसावा. परक्याची पोरं सांभाळणारीला पण दम लागतो, असं मॅडम म्हणायच्या. मला तेव्हा राग यायचा. परक्याची कोण?

८ फेब्रुवारी

कपाळ फुटलं. शाफ्टमध्ये ओळंबा धरून वाकलो होतो, उठलो ते थेट ब्रॅकेटवर. हेल्मेट काढून ठेवलं होतं, घाम येत होता म्हणून. टाके घातले. मिस्त्री म्हणाला, "खड्ड्यात उतरताना डोकं बरोबर घेऊन येत जा, खोलीवर ठेवून नको." आडवी पट्टी आहे, भुवईच्या वर. लढाईवरून आल्यासारखा दिसतो.

११ फेब्रुवारी

आज मावशीने माझा जीव जाळला.

मुद्दाम पट्टी दिसेल असा खिडकीपाशी बसून व्हिडिओ लावला. खोटं कशाला सांगू, थोडं कौतुक करून घ्यायचं होतं. लहानपणी गुडघा खरचटला तरी ती सगळी गल्ली गोळा करायची, नर्सताईला ड्युटीवरून उठवून आणायची. म्हटलं आता बघ कशी रडते.

मोबाईल तिने बऱ्यापैकी सरळ धरला होता. चक्क तिचं तोंड दिसलं. माझ्याकडेच बघत होती. मी मान पुढे केली.

मावशी म्हणाली, "छान दिसतोयस रे. तेज आलंय तोंडावर."

तरी म्हटलं, "आणखी काय दिसतंय?"

"आणखी काय, केस कापून घे," म्हणाली.

केस मी टाके घालायच्या दिवशीच पुढून उडवलेत. पट्टीबद्दल एक शब्द नाही. इतकी वर्षं तिच्या घरात काढली. माझं डोकं फुटलेलं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ती केसांबद्दल बोलते. मी फोन ठेवला. रेंज गेली असं सांगायचं ठरवलंय, विचारलं तर. विचारलं नाही अजून.

मग बुटकीला लावला. ती शिंपीण काकूकडे, मागे मशीनचा खडखडाट. ती बघूनच किंचाळली, "अरे, हे काय झालं!" निदान एकीला तरी दिसतं. सगळं सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "मावशीला सांगितलंस?"

"दाखवलं की. बघून न बघितल्यासारखं केलं तिने."

बुटकी मोबाईल घेऊन मशीनपासून लांब गेली. मग म्हणाली, "हं. मग राहू दे. आता परत सांगू नकोस."

पोरगी पण तिच्याच बाजूची.

१२ फेब्रुवारी

कामावर लक्ष नाही. रूळ एका बाजूला सुटला, परत सगळा खोलून लावला. मिस्त्री दिवसभर माझ्या खानदानाचा उद्धार करत होता. त्याला म्हटलं, मला खानदानच नाही, कुणाचा करताय? तर म्हणतो, "मग सरळ रूळ लाव, उद्धार वाचेल."

१८ फेब्रुवारी

बुटकी परत शिंप्याकडे. मी सरळ विचारलं, तुझा विसावा संपतो कधी? म्हणाली, काकूंना काजं-बटणं करायला मदत लागते. मी म्हटलं, तू शाळेत जातेस का बटणं लावतेस? ती म्हणाली, "तू लिफ्ट बसवतोस का चौकश्या करतोस?" बारा वर्षांची आहे. जीभ मात्र चाळीसची.

मावशीला आज फोन केला नाही. बघू किती दिवसांनी आठवण होते.

२२ फेब्रुवारी

मावशीचा फोन आला होता. मी शाफ्टमध्ये होतो. परत केला नाही. होतो मोकळा, तरी नाही केला.

२५ फेब्रुवारी

कळलं. सगळं कळलं.

बुटकीशी बोलत होतो. ती उठली पाणी प्यायला, मोबाईल हातातच. मागे शिंप्याच्या आतल्या दाराची चौकट आली. चौकटीवर पेन्सिलची रेघ. रेघेच्या वर आणखी एक रेघ. बाजूला बुटकीचं नाव, शिंपी काकांच्या अक्षरात. ते कापडावर खडूने लिहितात तसं तिरकं.

मी म्हटलं, "थांब. मागे काय आहे ते?"

"कुठे काय," म्हणाली आणि मोबाईल फिरवला. पण मी बघितलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, रेघच ती, एवढं काय. म्हणून लिहितो. पाच घरांचा एक नेम होता, मावशीनेच घातलेला. पोराची उंची मोजायची ती ते जिथे राहतं त्याच घरात. विसाव्याला आलेल्या पोराला चौकटीला उभं करायचं नाही. खाऊ घाला, न्हाऊ घाला, लाड करा, पण चौकट नाही. मी दहा वर्षांचा असताना शिंपीण काकूने माझ्या शर्टाचं माप घेतलं आणि घेता घेता गमतीने दारावर रेघ मारली. मावशीला कळलं तशी ओलं फडकं घेऊन आली आणि सगळ्यांसमोर रेघ पुसली. म्हणाली, "शिंपीणबाई, मापं खुशाल घ्या. पण पाहुण्याची उंची मोजत नाहीत. पोराला वाटेल आता इथेच राहायचं." काकू रडली होती. तिला मूल नाही. पण नंतर तिनेही तो नेम पाळला, सगळ्यांनी पाळला. मला त्या फडक्याचा केवढा अभिमान होता.

आता त्याच चौकटीवर बुटकीच्या दोन रेघा, आणि कुणी फडकं घेऊन गेलं नाही.

म्हणजे बुटकी पाहुणी नाही तिथे. देऊन टाकली तिला. मी इकडे आलो, पाठ वळली, आणि मावशीने एकाच दारातलं एक पोर उचलून दुसऱ्या दारात ठेवलं.

२६ फेब्रुवारी

नर्सताईला फोन केला. ती खोटं बोलत नाही म्हणून तिला केला.

"ताई, बुटकी कुठे राहते?"

"का रे? काय झालं?"

"मी विचारतोय त्याचं उत्तर द्या."

"मजेत आहे ती. वजन वाढलंय, पहिली-दुसरी येते वर्गात."

"कुठे राहते?"

मग तिने सुस्कारा सोडला. "हे बघ राजा, तू कामावर लक्ष दे. हॉटेल अर्धं टाकलंस, टायरचं दुकान अर्धं टाकलंस. आता कुठे एका ठिकाणी टिकतोयस. इथलं आम्ही बघतोय ना पाच जणं."

"पाच का? मी कुठे गेलो?"

"तू तिकडे आहेस," ती म्हणाली.

राजा म्हणाली की समजायचं इंजेक्शन येणार. लहानपणापासून तसंच.

२७ फेब्रुवारी

ऑफिसच्या मॅडमना फोन केला. नंबर पाठ आहे, मावशीच्या दारामागे रंगाने लिहिलाय, अडीअडचणीला म्हणून. ही अडचणच आहे. म्हटलं, माझी बहीण तुम्ही जिथे ठेवली तिथे राहत नाही. मावशीने तिला शिंप्याला देऊन टाकलं. मॅडमचा आवाज एकदम बदलला.

"कधीपासून?"

"ते तुम्ही विचारा त्यांना. मला कोण सांगतंय?"

"आमच्याकडे तर अजून तेच घर आहे. बरं झालं कळवलंत. मी बघते."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून घेतलं. अंगावरचं ओझं उतरलं. दुपारनंतर काम झकास झालं, केबिन पहिल्यांदा वरपर्यंत नेली. मिस्त्रीने पाठीवर थाप मारली. मी आनंदात त्याला फोनचं सांगितलं. त्याचा हात पाठीवरच राहिला.

"पहिला फोन घरी करायचा असतो," तो म्हणाला.

"घरचे खोटं बोलतात."

"मग दुसरा पण घरीच करायचा असतो."

स्वतःच्या घरी वर्षानुवर्षं फोन नाही करत हा, आणि मला शिकवतोय.

२ मार्च

टेम्पोवाल्या काकांचा फोन आला. ते कधी करत नाहीत. नुसतं म्हणाले, "शुक्रवारी मॅडमनी बैठक लावलीय शाळेत. पोरीला अनाथ मुलींच्या संस्थेत हलवायचं बोलतायत. तुला यायचं तर ये." आणि ठेवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संस्थेत का हलवायचं? मी तसं कुठे म्हटलं होतं? मी म्हटलं होतं मावशीकडे परत ठेवा.

५ मार्च

गाडीत. हात हलतोय म्हणून अक्षर असं. मिस्त्रीने सुट्टी दिली, वर म्हणाला, "परत आला नाहीस तर लिफ्ट मी एकटा चालू करीन आणि तुझं नाव खड्ड्यात लिहीन." त्याच्या भाषेत हा लाड.

बैठकीत काय बोलायचं ते जुळवतोय. आधी मॅडमना नमस्कार. मग मावशीकडे बघून विचारायचं, एकाच दारात म्हणाली होतीस ना? सगळ्यांसमोर. बघू नजर देते का.

७ मार्च

पोचलो काल सकाळी. काल लिहायची ताकद नव्हती.

गल्लीत शिरलो तर भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधलेली. मावशीच्या दारापासून नळापर्यंत, नळापासून शिंप्याच्या दारापर्यंत. मला वाटलं कपडे वाळत घालायला. पण इतकी खाली? दोरीला मधे मधे चिंध्यांच्या गाठी, शिंप्याच्या दुकानातल्या.

दार उघडंच होतं. मावशी खुर्चीत बसलेली, तोंड दाराकडे. मी उंबऱ्यात उभा, भर उजेडात. हात लांब केला असता तर लागला असता. ती माझ्याकडे बघत होती आणि म्हणाली, "कोण?"

मला वाटलं तिला ओळख दाखवायची नाही. रागावलीय, तक्रार केली म्हणून. मी काही बोललो नाही. म्हटलं बघू किती वेळ चालवते.

"कोण आहे? शिंपीणबाई? बोला की हो."

मी बॅग खाली ठेवली. त्या आवाजावर ती उठली. हात पुढे करून चाचपडत आली, तिचे हात माझ्या छातीला लागले, आणि तिला कळलं. कसं ते मला माहीत नाही. "तू?" म्हणाली. "तू कशाला आलास? काम टाकलंस?"

पहिला प्रश्न हाच. काम टाकलंस?

बाकीचं शिंपीण काकूने सांगितलं, तिच्या दुकानात मशीनमागे बसवून. साखरेने डोळे खाल्ले. मागच्या उन्हाळ्यापासून कमी होत गेलं, आता एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो तेवढाच. एकदा गॅस चालू राहिला आणि बुटकी आत झोपलेली होती. त्या दिवसापासून मावशीनेच बुटकीला त्यांच्याकडे झोपायला पाठवलं. ऑफिसला कळवलं तर पोर नेतील, म्हणून कळवलं नाही. उंचीची रेघ पण मावशीनेच मारायला सांगितली. काकू नको म्हणत होती. मावशी म्हणाली, "पोरीला पाहुणी नका ठेवू."

"आणि मला?" मी म्हटलं.

काकू दोरा ओवत होती, तिला ओवता येईना. "तुझ्या मावशीने शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळलं तर सगळं टाकून येईल. पहिल्यांदा त्याला एक काम जिवाला लागलंय. तासभर बोलतो त्या लिफ्टबद्दल."

म्हणजे माझ्या पाठीमागे एक बैठक आधीच झाली होती. पाच घरांनी बसून माझं ठरवलं. डोळ्याचे डॉक्टर नर्सताईने शोधले, टेम्पो काकांनी नेलं, मास्तरीण आजींनी सगळे कागद वाचून दाखवले. स्वयंपाकघरात बघितलं तर प्रत्येक डब्यावर कापडाची टोपी आणि टोपीवर बटणं. एक बटण चहा, दोन बटणं साखर, मिठाला मोठं काळं बटण. साखर आता पाहुण्यांपुरती. एवढं बसून शिवलं. दोरीला गाठी मारल्या. पायरी कुठे येते त्याची वेगळी गाठ. सगळं केलं, पण मला एक फोन करायला यांना वेळ झाला नाही.

मला वाटायचं सहावं घर मी आहे. लांब असलो तरी. तसं नव्हतं. मी नुसता विसाव्याला पाठवलेला पोरगा होतो. खा, पी, मजा कर, घरातलं विचारू नको.

माझ्या फोटोंना, पहिल्या लिफ्टच्या व्हिडिओला मावशी म्हणायची, "छान आलाय, छान आलाय". कुणी तिच्या कानात सांगत असेल काय म्हणायचं ते.

८ मार्च

बैठक झाली. शाळेचा वर्ग, पोरांची बाकं, सगळ्यांचे गुडघे छातीला. टेम्पो काका बाकात मावेनात, ते फळ्याला टेकून उभे राहिले.

मॅडम वयस्कर झाल्यात. आवाज तोच. म्हणाल्या, "मूल दुसऱ्या घरी हलवलं, सहा महिने होऊन गेले आणि मला भावाकडून कळतं. नियमाने मला मुलीला आजच्या आज संस्थेत न्यायला हवं."

नर्सताई म्हणाली, "ही पाच घरं तुम्हीच बांधून दिलीत ना मॅडम?"

"एकमेकांना धरायला दिली. माझ्यापासून लपवायला नाही."

"धरायला गेलं की थोडं झाकलं जातंच हो," मास्तरीण आजी म्हणाल्या. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

मग मावशी बोलली. उभी राहिली, पदर सारखा केला, आणि सगळा दोष स्वतःवर घेतला. यांचा कुणाचा काही गुन्हा नाही, मीच सांगितलं होतं. पोरीला गल्लीतून नेऊ नका. माझं नाव काढा, शिंपीणबाईंचं लावा. मला घरात पोर नको, दारासमोरून शाळेत गेलेली ऐकू आली तरी झालं. सगळं व्यवस्थित बोलली. फक्त बोलत होती कपाटाकडे बघून. मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या. कुणी तिला सांगितलं नाही. मॅडम उठल्या आणि आवाज न करता कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बुटकीला विचारलं. ती म्हणाली, "रात्री काकूंकडे झोपते. सकाळी मावशीच्या डोळ्यांत थेंब घालते, मग शाळा. दोन्हीकडे माझा टॉवेल आहे. संस्थेत मी जाणार नाही, नेलंत तर पळून येईन, रस्ता माहीत नसला तरी."

मॅडमनी डोळे पुसले की चष्मा, कळलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. "तक्रार तुमची आहे. भाऊ म्हणून तुमची हरकत नसेल तर मी शिंप्यांचं घर लावू शकते. तुमचं काय म्हणणं?"

गाडीत जुळवलेलं सगळं विसरलो. सगळे माझ्याकडे बघत होते. बुटकी सोडून, ती बाकावरचं कोरलेलं नाव नखाने उकरत होती. मावशीने मान माझ्या दिशेला केली, थोडी चुकली.

"हरकत नाही," मी म्हटलं.

"मोठ्याने बोला."

"हरकत नाही म्हटलं ना!"

झालं. मावशीचं नाव सांभाळणाऱ्यांतून निघालं. आता कागदावर ती आमची कुणीच नाही. बाहेर पडताना मॅडमना म्हणाली, "एकाच दारात ठेवीन म्हटलं होतं, ते काही झालं नाही." मॅडम म्हणाल्या, "झालं की. गल्ली एकच आहे." हे मोठ्या माणसांचं बोलणं. दार ते दार.

येताना बुटकीला गाठलं. म्हटलं, माझ्याशी बोल. तू पण खोटं बोललीस माझ्याशी, रोज.

ती गर्रकन वळली. "तू कधी विचारलंस मावशी कशी आहे? 'पंखा जेवतो का' विचारायचास. आणि मग तुझी लिफ्ट, तुझा मिस्त्री, तुझं कपाळ. तिला घाबरवायला पट्टी दाखवत बसला होतास. तू फोन ठेवलास ना त्या दिवशी, ती मला म्हणाली, 'आज पोरगा काहीतरी दाखवत होता ग. काय होतं?' मी सांगितलं, नवीन शर्ट."

ती पुढे म्हणाली, "आम्ही सगळं जमवलं होतं. तू मॅडमना फोन केलास."

म्हणजे शेवटी चूक माझी. बरोबर आहे. खोटं सगळ्यांनी बोलायचं आणि खरं बोलणाऱ्याला धरायचं.

९ मार्च

दुपारची गाडी आहे. बॅग भरली.

निघतोय म्हणून पाया पडायला वाकलो तर मावशीने दंड धरून मला उठवलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी नेलं. आमची चौकट. माझ्या रेघा खालपासून वरपर्यंत, बुटकीच्या अर्ध्यावर येऊन थांबलेल्या. आता त्या रेघांवर सुरीने खाचा केल्यात. तिला बोटांनी लागाव्यात म्हणून, विचारायची गरज नाही.

"उभा राहा," म्हणाली.

"मावशी, मी आता वाढत नाही."

"तुला काय ठाऊक? टाच टेकव. बुटके, पेन्सिल आण."

बुटकी पेन्सिल घेऊन आली. माझ्याकडे न बघता उभी राहिली. मी पाठ टेकवली. काय करणार, तिच्या हाताला नाही म्हणवत नाही. तिने तळवा माझ्या डोक्यावर आडवा ठेवला, दुसऱ्या हाताने चौकटीवरची माझी शेवटची खाच शोधली. तिकडे कामावर निघालो त्या दिवशी मोजलेली. हात खाली आला तो कपाळावरून. भुवईच्या वर बोट थांबलं. परत मागे गेलं. परत आलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे काय?"

बुटकीने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कुठे काय? हेल्मेटचा वळ आहे," मी म्हटलं. "पट्टा रुततो दिवसभर."

मावशीचं बोट तिथेच होतं. "बरं," म्हणाली. थोड्या वेळाने हात काढला. "खूण कर ग. आहे तेवढाच आहे हा."

बुटकीने रेघ मारली, जुन्या रेघेवरच.

उगाच कशाला सांगायचं? झालं गेलं, टाके निघाले. ती इथे खुर्चीत बसून काय करणार होती, नुसती काळजी. त्या दोरीला धरून दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारत बसली असती. मी लांब, तिला दिसत नाही, कशाला तिच्या जिवाला घोर.

त्यांनी मात्र मला सांगायला हवं होतं. हे मी कुणाला माफ करणार नाही.